धुराचा बंदोबस्त

बाबांचं आयुष्य कारखान्याच्या भट्टीपाशी गेलं आणि तिथल्या धुराने त्यांची छाती पार खिळखिळी करून टाकली. लेक संशोधक झाली, तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं, या धुराचा बंदोबस्त करायचाच. धूर अडवणाऱ्या जाळ्या ती बनवू लागली; भाजताना कितीतरी तडकल्या, त्यांवरचे लेप उडाले. पण शेवटी उत्प्रेरकाचा लेप दिलेली, धूर गिळून टाकणारी सिरॅमिकची जाळी तिला साधली. ती बाबांच्याच कारखान्याच्या भट्टीवर बसवली आणि धूर नाहीसा झाला. मालकांनी सगळ्यांसमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं. बाबांचा ऊर भरून आला.

धुराने आजारी पडलेल्या कामगाराचा इलाज कारखान्याने करायचा, असा नियम होता. म्हणून पुढच्याच आठवड्यात बाबा मालकांना भेटायला गेले. संध्याकाळी धापा टाकत परतले आणि खुर्चीत बसले.

"काय म्हणाले मालक?" पाण्याचा पेला पुढे करत तिने विचारलं.

बाबांनी तिची नजर चुकवली.



"म्हणाले, आमच्याकडे धूर नाही हे तुमच्या मुलीनेच सिद्ध केलंय. हा खोकला तुम्ही घरूनच आणला असणार."