कर्त्याचा कान
शर्मिष्ठेची पणजी चिमणाबाई, आजी सुभद्राबाई, आई वेणूताई. तिघींच्या मनगटांवरची नाडीकडी आजार सांगत, तो फक्त घरच्या कर्त्याच्या कानात. आपल्या देहात काय पेटले आहे, हे न कळताच तिघीही गेल्या. ‘बाईमाणसाच्या जिवाला कशाला घोर?’ म्हणत नवऱ्याने, घरच्या कर्त्या आबासाहेबांनी, वेणूताईंना अखेरपर्यंत हसत फसवले.

आबासाहेबांची पंच्याहत्तरी उलटताच कायद्याने कर्तेपण थोरल्या लेकीकडे, शर्मिष्ठेकडे आले. कर्त्याचे कर्णयंत्र लावून तिने आधी स्वतःच्या कड्याकडून आपला आजार ऐकला आणि उपचारही स्वतःच ठरवला. मग आबासाहेबांचे कडे बोलू लागले. ते बराच वेळ बोलले.

“काय म्हणतंय गं? देह माझा आहे, मला सांग!” आबासाहेबांचा आवाज प्रथमच कापला.

“पुरुषमाणसाच्या जिवाला कशाला घोर, आबा?” शर्मिष्ठा हसली. आईचे देणे त्या हसण्यात पुरते फिटले.