पलूसचा पाहुणा

शहात्तर साली सांगलीच्या प्रयोगशाळेत चिंतामणरावांच्या जिवाला तीन आठवडे चैन पडत नव्हती. रक्तातली साखर मोजणारं, एन्झाइमवर चालणारं चिमुकलं यंत्र त्यांनी पलूसहून आणलेल्या कुत्र्याच्या कातडीखाली बसवलं होतं. दिवसभर ते शहाण्यासारखं वागे आणि चार वाजून गेले की काटा टुणकन उडी मारी. कुत्र्याला तर सकाळ-संध्याकाळ मोजून भाकरी. म्हणजे एन्झाइमच नासतंय, दुसरं काय! येरझारा घालून घालून चपलेचा अंगठा तुटला. अखेर आज त्यांनी 'यंत्र भरवशाचं नाही, प्रयोग बंद करतो' असं दिल्लीला लिहिलं, पत्र टपालपेटीत टाकलं आणि झाडलोट करणाऱ्या राहीबाईंना सांगितलं, "उद्या यंत्र काढून कुत्रा पलूसला धाडायचा."

राहीबाईंचा चेहरा उतरला. "आवं सायेब, मग आज चारला त्याला गूळ देऊ का नगं?"

"कसला गूळ?"

"रोज देतीया की. माझ्या म्हायेरचा हाय त्यो. पाहुण्याला गूळ-पाणी बी नगं व्हय?"

टपालपेटीही चारलाच उघडायची. घड्याळात चारला पाच कमी होते. चिंतामणराव अनवाणीच धावत सुटले.