लाल की पिवळा?
"मिडफिल्डरला पाठीलाही डोळे हवेत," कोच सरावात म्हणायचे. ते धाकट्याच्या मागे डावीकडे उभे राहून लाल किंवा पिवळा रुमाल उंचावायचे, समोरून ताई बॉल द्यायची, आणि बॉल पायाशी येईपर्यंत त्याने मागे नजर टाकून रंग ओरडायचा. पण मॅचमध्ये कोपर लागून त्याचा डावा डोळा अधू झाला. "ताई, मोठ्या क्लबची निवड तोंडावर आलीय. कोचना बोललीस तर मी संपलो!" "आणि डोळा गेला तर?" "दुसरा आहे की!" शेवटी ताई फितूर झाली. लालसाठी तिने समोरून स्वतःची वेणी ओढायची, पिवळ्यासाठी कान. आज "लाल! पिवळा! लाल!" सगळं बरोबर आलं. "शाब्बास, पठ्ठ्या!" म्हणत कोचनी ताईच्या वेणीकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा हात वर केला. या वेळी रिकामाच. रिकाम्या हाताची खूण ठरलेलीच नव्हती. ताईचे हात खालीच राहिले. "लाल?" धाकट्याने हळूच विचारलं.