मोजे

“मोजे कुठे गेले?” कारखानदारानं दारातूनच विचारलं.

संग्रहालयातल्या दुरुस्तीच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याच्या खापरपणजीचं चित्र लाकडी घोडीवर उभं होतं. एकोणिसाव्या शतकातलं. तपकिरी भिंत, काळा पोशाख आणि मांडीवर पांढऱ्या हातमोज्यांतले दोन नाजूक हात, असं ते घरातल्या सगळ्यांनी जन्मभर पाहिलेलं. आज मोजे नव्हते. जाड बोटांचे, मनगटापर्यंत निळे पडलेले दोन हात होते. नखांच्या कडांत तो निळा इतका मुरला होता की काळाच दिसत होता.

“पुसले,” दुरुस्तीवाली म्हणाली. जुनी चित्रं साफ करण्यात तिची वीस वर्षं गेली होती आणि मालक लोकांना भिण्याची सवय तेवढ्या काळात सुटली होती. “कुणीतरी मागाहून रंगवले होते. त्यांचा पांढरा रंग चित्राहून पन्नास वर्षांनी धाकटा आहे.”

“मग परत रंगवा. सोमवारी आमच्या कापड रंगवायच्या कारखान्याला दीडशे वर्षं होतायत, हे चित्र दर्शनी दालनात लागणार आहे. लोक काय म्हणतील? मालकाची खापरपणजी रंगाच्या हौदात हात घालून बसायची?”

“बसायची नाही हो. उभी राहायची. बसून कापड ढवळता येत नाही.”

कारखानदाराबरोबर त्याची आत्या आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची. चित्र कागदोपत्री तिच्या नावावर होतं, काम मंजूर असल्याची सही तिचीच लागणार होती, म्हणून तिला गाडीत घालून आणलं होतं. एरवी तिला कोण विचारतंय! खुर्चीत बसून ती इतका वेळ चित्राकडे टक लावून बघत होती.

“पण ही तर आजारी होती ना?” ती म्हणाली. “छातीचं दुखणं होतं म्हणे. चेहरा बघा की. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कोपऱ्यात, कसा निळसर आहे.”

दुरुस्तीवालीनं एक कोरा कागद घेऊन चित्रातल्या हातांपुढे धरला. “आता बघा, आजी.”

चेहरा खरंच आजारी दिसत होता. तिनं कागद बाजूला केला. तोच चेहरा, पण आता गालावरचा तांबूस रंग आधी दिसला, आणि ती बाई चांगली ठणठणीत, वर थोडी चिडलेली वाटली.

“चित्रकारानं निळा एकच वापरलाय,” दुरुस्तीवाली म्हणाली. “हातांवर मूठभर, चेहऱ्यावर चिमूटभर. बाकी सगळं तपकिरी आणि काळं ठेवलंय, कारण नजर आधी हातांवर पडायला हवी. हात दिसले की चेहऱ्यावरचा निळा म्हणजे त्या हातांचीच झाक, हे कळतं. हात झाकले की त्याचं दुखणं होतं.”

आत्या उठली. तिनं कागद मागून घेतला, स्वतः हात झाकले, उघडले, पुन्हा झाकले. तिसऱ्यांदा कागद काढला तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

“आत्या, सही कर बरं,” कारखानदार घड्याळ बघत म्हणाला. “आणि यांना सांग मोजे घालायला.”

“विसाव्या वर्षी मी म्हणाले होते, मी कारखान्यात येते,” आत्या म्हणाली. “रंगातलं मला कळत होतं, तुझ्या बापापेक्षा जास्तच. बाबांनी मला या चित्रापुढे आणून उभं केलं. म्हणाले, आपल्या घरातल्या बायका नाजूक, तिथली हवा त्यांना सोसायची नाही, ही बघ. आणि मला पटलं रे! म्हटलं, चित्र कशाला खोटं बोलेल?”

“चित्र नव्हतंच बोललं खोटं,” दुरुस्तीवाली म्हणाली.

“तुम्ही मध्ये पडू नका!” कारखानदार तिच्यावर उखडला. “तुम्ही नाही रंगवलंत तर दुसरं कुणी रंगवेल.”

“रंगवेल की. पण त्यालाही यांचीच सही लागेल. मी तर नाहीच रंगवणार, मग संग्रहालयानं मला घरी पाठवलं तरी बेहत्तर.”

आत्यानं टेबलावरचा मंजुरीचा कागद ओढला, सही केली आणि सहीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मोजे नकोत.’ मग कागद भाच्याच्या हातात न देता दुरुस्तीवालीकडे दिला.

“आणि सोमवारपासून मी कारखान्यात येणार. रोज.”

“अगं, या वयात तू तिथं करणार काय?”

आत्यानं आपले दोन्ही हात समोर धरले. गोरे, मऊ, एकही डाग नसलेले.

“आधी हे बाटवणार,” ती म्हणाली.