नळावरची निळकंठी

साडेआठ वाजले तरी नळावर काहीही आलं नव्हतं, आणि कामिनीला मनातून बरं वाटत होतं.

अठरा माणसं लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एका गळक्या नळाकडे टक लावून बघत होती. धुळ्याच्या पक्षीमंडळाची ही माणसं एरवी तलावाच्या काठी चिखलात तासन्‌तास उभी राहणारी. आज मात्र शिरपूरच्या एका कॉलनीत, कौतिक बोरसेंच्या बागेला लागून असलेल्या त्यांच्याच मोकळ्या प्लॉटवर, पंगतीची वाट बघत बसावं तशी बसली होती. प्लॉटवर ताजा मुरूम पसरलेला, त्यावर सडा. एका बाजूला गाड्या ओळीने लावलेल्या. दुसऱ्या बाजूला तुरीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायला घातली होती. अर्धं मंडळ भरतासाठीच आलंय, याबद्दल कामिनीला शंका नव्हती.

बोरसेनाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. आता ते बागेतल्या पाखरांचं वेळापत्रक ठेवत. बुलबुल, आगमन सहा पन्नास. शिंजीर, दहा मिनिटं उशिरा. आणि बारा हिवाळे न चुकता एकच नोंद: निळकंठी, नळावर, सात पंचवीस.

निळकंठी म्हणजे थंडीत दूर उत्तरेकडून येणारं चिमणीएवढं पाखरू. गळ्यावर निळा पट्टा, मधे तांबूस ठिपका. ते पाणथळ जागी लव्हाळ्यात दडून राहतं, हे कामिनीला पंधरा वर्षांच्या भटकंतीतून पक्कं ठाऊक होतं. जास्वंदीच्या कुंड्यांमधे, सिमेंटच्या ओट्यावर ते कशाला मरायला येईल? नानांना एक तर चष्मा बदलायला हवा होता, नाहीतर थापा मारायची सवय तरी.

मंडळाचं जिल्ह्यातल्या पाखरांवरचं पुस्तक छपाईला निघालं होतं. नानांच्या बारा वर्षांच्या नोंदी त्यात ठेवायच्या की गाळायच्या, हे सचिव म्हणून कामिनीच्या हातात होतं. नानांनी तर पुस्तकात नाव येणार म्हणून अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. सुनेने सकाळी चहा देताना तेच सांगितलं. तिच्या माहेरीही कळवून झालं होतं.

म्हणून तर कामिनीने ही खोड जागेवर मोडायचं ठरवलं. तुम्ही म्हणता तर आम्ही डोळ्यांनी बघायला येतो, असं तिने कळवलं. अठरा जण येऊ, नीट बसायची सोय हवी, सहा गाड्यांना जागा हवी. म्हातारा काहीतरी सबब सांगून माघार घेईल, असा तिचा अंदाज होता. म्हाताऱ्याने लगेच होकार कळवला होता.

आता तो इस्त्रीचा सफारी घालून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. येईल, जरासा उशीर होतोय, असं स्टँडवर सांगावं तसं सांगत होता. मग हळूच म्हणाला, की सोमवारपासून ती दिसलेलीच नाही. थंडी वाढली म्हणून असेल. कामिनीला हसू आवरेना. पाहुणे यायचे ठरले आणि पाखरू नेमकं रजेवर गेलं.

तरी नियमाप्रमाणे तिने विचारलं, "नाना, जवळपास कुठे पाणथळ आहे का? एखादं डबकं, लव्हाळं, दलदल?"

नानांनी एकदा पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"छे छे मॅडम. घाण अजिबात नाही इथे. सगळं एकदम स्वच्छ."

झालं. त्यांनी स्वतःच्या तोंडानेच निकाल देऊन टाकला. कामिनीने नोंदवही उघडली आणि बाराच्या बारा नोंदींवर त्यांच्यादेखत लाल रेघ ओढली. निळकंठी एसटीने यायला निघाली असेल, फाट्यावर अडकली असेल, असं मागून कोणीतरी बोललं आणि खुर्च्या हसल्या. नाना हसले नाहीत. बरं, म्हणाले, निदान भरीत खाऊन जा. मग ओट्यापाशी गेले आणि बारा वर्षं मुद्दाम गळता ठेवलेला नळ त्यांनी घट्ट बंद केला. कामिनीला क्षणभर वाईट वाटलं. पण खोटं ते खोटं.

एवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक म्हातारी आत आली. हातात विळा, खांद्यावर रिकामी गोणी. ही बेबाबाई, पलीकडच्या वस्तीवरची, शेळ्यांसाठी रोज इथे गवत न्यायची, असं सुनेने सांगितलं. बेबाबाई आली ती जागच्या जागीच थांबली. गाड्या, माणसं, मुरूम, सगळं बघत राहिली.

कामिनीला आता चांगलीच लहर आली होती. "अक्का, तुम्ही तरी बघितलंय का हो नानांचं ते निळ्या गळ्याचं पाखरू?"

"रोज देखू," बेबाबाई म्हणाली. "नळवर पानी पेवाले ये तेवढंच. ऱ्हाये ते डबकामा."

"डबक्यात?" कामिनीच्या हातातली वही मिटायची राहिली. "कुठंय डबकं?"

बेबाबाईने विळ्याचं टोक तिच्या पायांकडे केलं.

"पाव्हना येनार शेतस म्हनीसन नानानी बुजी टाकं, मागला आईतवारले. तुमनी खुर्ची शे ना, तिना खालेच व्हतं."