फक्त आई आणि बाळ

लेक झोपली की मला जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या वेळात मी तिचा भलामोठा व्हिडिओ एआयला दिला. तिला भरवताना, खेळवताना फोन कपाटावर ठेवून मीच तो काढला होता. माझ्या आईला पाठवायला त्यातून छोट्या क्लिप हव्या होत्या. मी लिहिलं, 'फक्त आई आणि बाळ एकत्र असतील तेवढेच क्षण काढ.'

क्लिप आल्या. एकीतही मी नव्हते! मी दूध गरम करायला, कपडे वाळत घालायला उठून गेले होते, नेमके तेच तुकडे. लेक एकटीच, रिकाम्या खुर्चीकडे हात पसरून खिदळत होती.

"बघ ना! दिवसभर राबते मी, आणि यातून मलाच हाकललंय."

"अगं, मशीन आहे ते. नीट सांग त्याला," नवरा हसत म्हणाला.

मी चांगलं ठणकावून सांगितलं, 'आई म्हणजे निळ्या गाऊनमधली. रात्र-रात्र जागते ती. तिला का वगळलं?'

अगदी अदबीनं उत्तर आलं, 'निळ्या गाऊनमधली बाई आली की आई उठून जाते. म्हणून ते भाग घेतले नाहीत.'

मी संतापून लॅपटॉप धाडकन मिटला. आतल्या खोलीत लेक दचकून रडायला लागली.

"आले गं माझी सोनुली!" मी धावले. दाराशी पोचेपर्यंत रडणं थांबलं. ती खुदकन हसलीसुद्धा.

मी दार ढकललं. आत कुणी उठावं तशी खुर्ची सरकली, आणि माझ्याकडे बघून लेकीनं भोकाड पसरलं.