रिकामी केलेली जागा

बाबांच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून सकाळी मी घाईघाईत त्यातली बिनवापराची अकरा ॲप्स काढून टाकली. रोज चारला त्यांचा मला फोन येतो. आज आला नाही. मी लावला, तर सारखा बिझी. साडेचारपर्यंत तेच, जीव थाऱ्यावर राहीना. बाबांना आता अंधुक दिसतं, पण छापखान्यात चाळीस वर्षं न बघता खणांतून अक्षरांचे खिळे उचललेला हात तो. मोबाइलही ते जागेच्या अंदाजानेच दाबतात. आणि ॲप्स काढल्यावर पडद्यावरची उरलेली चित्रं, माझ्या नंबराचंही, सरकली असणार! तशीच ऑफिसातून घरी धावले. बाबा बाथरूमच्या दारात पडले होते. हातातल्या मोबाइलमधून गॅस एजन्सीची बाई गोड आवाजात सांगत होती, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." "कधीपासून तुलाच लावतोय गं," बाबा पुटपुटले. "तिसरी ओळ, दुसरा खण. तू तिथं नव्हतीस."